पन्नास हर्ट्झचा मारिओ

चाळीस किलोबाइट. डोंगर, ढग, कासवं, ३२ पातळ्या आणि कोजी कोंदो यांचं संगीत, असा १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा सगळा पसारा एवढ्याशा जागेत मावला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही याच्या कितीतरी पट जागा खातो. त्याच गेममधली धून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत जतनासाठी घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

बदलापूरच्या कुळगावात ती धून पोचली ती मात्र निन्टेन्डोच्या नावाने नाही. नव्वदच्या दशकात आमच्या हाती यायचा तो निन्टेन्डोच्या गेम-यंत्राची नक्कल असलेला स्वस्तातला संच, आणि त्याला सगळे नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचे. हातात धरायचा तो रिमोट, वरून खुपसायची ती कॅसेट. कॅसेट लागली नाही की उपसून काढायची, खालच्या सोनेरी पट्ट्यांवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. मे महिन्यात ज्याच्या घरी गेम, त्याच्या घरी अख्खी चाळ. रिमोट दोन, पोरं दहा. मेलास की रिमोट पुढच्याला द्यायचा, हा कायदा. खेळ ऐन रंगात आला की लाइट जायची आणि किल्ल्यापर्यंत पोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या पातळीवर.

त्या यंत्रातल्या आवाजाच्या चिपकडे एका वेळी जेमतेम पाच आवाज होते. दोन आवाज सुरावटीचे, एक खर्जाचा, एक नुसत्या खरखरीचा आणि एक छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारा. पाच जणांचं भजनी मंडळ म्हणावं, तर गाणारे त्यातले दोघंच. खर्जाच्या आवाजाला लहानमोठं होताच येत नसे. ताल धरायचा तो खरखरीने.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. उडी, नाणं, फुटणारी वीट, या सगळ्यांचे आवाज त्याच पाचांतून काढावे लागत. मारिओने नाणं घेतलं की सुरावटीतला एक आवाज तेवढ्यापुरता गाणं सोडून नाण्याचा ‘टिंग’ वाजवायला जाई आणि लगेच परत येई. वर मरणं होतंच, ते आलं की धून जागीच तुटे. म्हणजे वर्षानुवर्षं जी धून आम्ही गुणगुणत आलो, ती सलग आणि अखंड अशी खेळताना आम्ही क्वचितच ऐकली होती. प्रत्येकाच्या उड्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाच्या धूनमधली भोकंही वेगळी.

ही भोकं बुजतात ती वाद्यवृंदाच्या मैफलीत. २० ऑगस्ट १९८७ रोजी टोकियोच्या सन्टोरी हॉलमध्ये संगीतकार कोइची सुगियामा यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमचं संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. गेमच्या संगीताच्या मैफली रुळल्या त्या तिथून पुढे. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशींचे संघ मैदानात आले तेही गेमच्याच वाद्यवृंदी संगीतावर, आणि सुरुवात झाली ती सुगियामांच्या त्याच मालिकेतल्या धूनने. अशा मैफलीत कोणी उडी मारत नाही, नाणं घेत नाही, मरत नाही. चिपला जे नुसतं सुचवता येत होतं ते व्हायोलिन, चेलो, फ्रेंच हॉर्न मोकळ्या गळ्याने गातात. आपल्याला वाटतं, लहानपण परत आलं. माझ्या मते घडतं ते याहून मोठं आहे: लहानपणी अर्धवट ऐकलेली गोष्ट आपण पहिल्यांदा पूर्ण ऐकत असतो.

मेंदूचंही यात काम आहे. २००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पीटर जनाटा यांनी माणसांना त्यांच्या लहानपणची, कुमारवयातली गाणी ऐकवून मेंदूची चित्रं घेतली. कपाळामागच्या मधल्या भागात सुरांचा माग काढणं आणि स्वतःच्या आठवणी जागवणं, ही दोन्ही कामं त्यांना एकत्र आढळली.

तरीही वाद्यवृंदाचा मारिओ मला नेहमी जरा घाईत असल्यासारखा वाटे. त्याचं कारण सापडलं तेव्हा मी अक्षरशः थरारलो. या गेममधलं संगीत पडद्यावरच्या चित्रांच्या गतीने पुढे सरकतं. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर सेकंदाला ६० वेळा चित्र नवं होई. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि टीव्हीची आपली पाल पद्धत त्याच आकड्यावर बेतलेली, म्हणून आपल्याकडे ५० वेळा. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली संचांत सूर जवळपास तेच राहत, पण लय एक षष्ठांशाने मंदावे. तिकडे एका मिनिटात संपणाऱ्या धूनला इकडे ७२ सेकंद लागत. क्योटोतल्या पोराचा मारिओ धावत होता, आमचा त्याच सुरांत जरा रमतगमत चालला होता.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याने ही धून एकदा आमच्या लयीत, ७२ सेकंदांत वाजवावी. बदलापूरहून सीएसएमटीची लोकल पकडून मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.