विश्लेषण : एकाच संघाकडून हजार सामने! आइस हॉकीत हा टप्पा इतका दुर्मीळ का?

हॉकी म्हटले की आपल्याला धनराज पिल्ले आठवतो, निळे-हिरवे टर्फ आठवते. कॅनडा आणि अमेरिकेत मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे ‘एनएचएल’मध्ये, एका आकड्याला मोठा मान आहे : १००० सामने. हे सगळे सामने एकाच संघाकडून खेळलेले असतील तर मान आणखी वाढतो. पिट्सबर्ग पेंग्विन्स संघाच्या सिडनी क्रॉस्बी, येवगेनी माल्किन आणि ख्रिस लेटँग या तिघांनी २०२१ ते २०२३ या काळात हा टप्पा गाठला. विशेष म्हणजे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या संघाकडून त्याआधी एकानेही हजार सामने खेळले नव्हते. असे का? खेळाडूची निष्ठा कमी पडते, शरीर साथ देत नाही, की संघच त्याला ठेवत नाही?

हजार सामन्यांचा टप्पा म्हणजे नेमके काय?

एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ साखळीत ८२ सामने खेळतो. हजारच्या हिशेबात फक्त हेच साखळी सामने धरतात. त्यानंतरच्या प्लेऑफमधील, म्हणजे स्टॅनले कपच्या लढतीतील सामने वेगळे मोजले जातात. त्यामुळे ज्याचा संघ दरवर्षी प्लेऑफ गाठतो, त्याच्या अंगावरचे सामने प्रत्यक्षात बरेच जास्त असतात.

हा टप्पा गाठणाऱ्याला चांदीची हॉकी स्टिक दिली जाते. सामन्याआधी बर्फावर छोटेखानी सोहळा होतो, कुटुंबीयांना बोलावले जाते. क्रॉस्बीचा हजारावा सामना २० फेब्रुवारी २०२१ रोजी झाला. करोनामुळे प्रेक्षक नव्हते. सरावासाठी पेंग्विन्सचा संघ बर्फावर उतरला तेव्हा सगळ्यांच्या पाठीवर क्रॉस्बीचाच ८७ क्रमांक होता.

आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. विराट कोहली २००८ पासून आयपीएलमध्ये फक्त बंगळूरुकडून खेळतो. मे २०२४ मध्ये त्याने या संघाकडून २५० वा सामना खेळला आणि एका संघाकडून इतके आयपीएल सामने खेळणारा तो पहिला ठरला. त्याला लागले १७ हंगाम. दोन्ही खेळांच्या वेळापत्रकात मोठा फरक आहे, त्यामुळे थेट तुलना होत नाही. पण एका संघाची जर्सी इतकी वर्षे अंगावर राहणे किती कठीण, हे त्यातून कळते.

गणित सोपे आहे, मग अडते कुठे?

१००० भागिले ८२ केले तर उत्तर येते १२.२. म्हणजे एकही सामना न चुकवता बारा हंगाम पूर्ण आणि तेराव्यातले काही सामने. विसाव्या वर्षी सुरुवात केली तर बत्तिशीत टप्पा गाठता यायला हवा. कागदावर हे सरळ दिसते.

प्रत्यक्षात हा खेळ शरीर मोडणारा आहे. सामना २०-२० मिनिटांच्या तीन भागांचा. वेग आणि दमछाक इतकी की खेळाडू साधारण पाऊण मिनिट बर्फावर राहतो आणि लगेच बदलला जातो. कडक रबराची सुमारे १७० ग्रॅमची चकती, म्हणजे पक, ताशी १५० किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकते आणि बचावपटू ती अंगावर घेतात. प्रतिस्पर्ध्याला खांद्याने धडक देणे नियमातच बसते.

क्रॉस्बीचेच उदाहरण पाहा. २००५-०६ मध्ये पदार्पण केलेल्या या खेळाडूचा हजारावा सामना सोळाव्या हंगामात आला. जानेवारी २०११ मध्ये डोक्याला मार बसला आणि तो साडेदहा महिने बाहेर राहिला. परतल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला. २०११-१२ च्या हंगामात त्याला जेमतेम २२ सामने खेळता आले. पुढचा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात ४८ सामन्यांवर आला. २०२० मध्ये करोनामुळे साखळी अर्धवट थांबली, तर २०२१ चा हंगाम ५६ सामन्यांचाच झाला. म्हणजे दुखापत टळली तरी टाळेबंदी आणि महासाथ टळत नाही.

लेटँगचा हजारावा सामना वेगळा का ठरला?

तिघांपैकी बचावपटू ख्रिस लेटँगची वाट सर्वात खडतर होती. २००५ च्या निवड प्रक्रियेत क्रॉस्बी पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, लेटँग ६२ व्या. २०१४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याला पक्षाघाताचा झटका आला. तपासणीत हृदयात जन्मापासून राहिलेले लहान छिद्र आढळले. उपचारांनंतर तो पुन्हा खेळू लागला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरा झटका आला. तो पहिल्याइतका गंभीर नव्हता. डॉक्टरांच्या परवानगीनंतर दोन आठवड्यांच्या आत लेटँग पुन्हा बर्फावर होता. त्याच हंगामात, २ एप्रिल २०२३ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने हजारावा सामना खेळला. माल्किनने हा टप्पा त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये शिकागोत गाठला होता. हृदयातील ते छिद्र बंद करण्याची प्रक्रिया लेटँगने एप्रिल २०२५ मध्ये करून घेतली.

अशा खेळाडूबाबत संघाने करार पुढे न नेण्याचा निर्णय घेतला असता तर कुणाला आश्चर्य वाटले नसते. पेंग्विन्सने मात्र पहिल्या झटक्यानंतरही २०२२ मध्ये त्याच्याशी पुन्हा करार केला. म्हणूनच हा आकडा फक्त खेळाडूचा नसतो. संघाने किती वेळा ‘थांब’ म्हटले, हेही त्यात मोजलेले असते.

महान खेळाडूही का हुकले?

यादीत कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे पाहिल्यावर या टप्प्याचे मोल जास्त कळते.

वेन ग्रेट्झ्की : आइस हॉकीतला सर्वात मोठा मानला जाणारा खेळाडू. कारकीर्दीत १४८७ सामने. पण ऑगस्ट १९८८ मध्ये एडमंटन ऑयलर्सने त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकले. चार स्टॅनले कप जिंकून देणाऱ्या खेळाडूला सोडल्याचा कॅनडात मोठा संताप झाला. एडमंटनकडून त्याचे सामने ६९६ वरच थांबले.

यारोमिर यागर : १७३३ सामने, पण नऊ संघांकडून. पिट्सबर्गकडून ८०६ झाले असताना, २००१ मध्ये आर्थिक अडचणीतल्या संघाने त्याला वॉशिंग्टनला पाठवले.

मारिओ लेम्यू : पूर्ण कारकीर्द पिट्सबर्गमध्येच. पुढे तो संघाचा मालकही झाला. पण पाठीचे दुखणे, १९९३ मध्ये निदान झालेला कर्करोग आणि मधली निवृत्ती यामुळे ९१५ सामन्यांवर थांबला.

रे बोर्क : याने हजारच नव्हे, बोस्टन ब्रुइन्सकडून तब्बल १५१८ सामने खेळले. मात्र स्टॅनले कप एकही नाही. अखेर मार्च २००० मध्ये तो कोलोरॅडोला गेला आणि २००१ मध्ये कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात कप जिंकला. तो कप घेऊन बोर्क बोस्टनला आला, तेव्हा दुसऱ्याच संघाने जिंकलेल्या कपचा आनंद साजरा करायला बोस्टनकर जमले होते.

पूर्वीच्या काळी निष्ठा जास्त होती का?

एका संघाकडून सर्वाधिक सामन्यांचा विक्रम गॉर्डी हाउच्या नावावर आहे : डेट्रॉइट रेड विंग्जकडून १६८७. नोव्हेंबर १९६१ मध्ये एनएचएलमधील पहिला हजारावा सामनाही त्यानेच खेळला. याच डेट्रॉइटकडून अ‍ॅलेक्स डेल्व्हेकियो, स्टीव्ह आयझरमन आणि निक्लस लिडस्ट्रॉम यांनीही प्रत्येकी दीड हजारांहून अधिक सामने खेळले, तेही दुसऱ्या कुठल्याच संघाकडून न खेळता.

पण हाउच्या काळातील निष्ठेला दुसरी बाजू आहे. १९६७ पर्यंत लीगमध्ये फक्त सहा संघ होते. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. संघ खेळाडूला विकू शकत होता, खेळाडूला मात्र आपणहून जाता येत नव्हते. हाउचा सहकारी टेड लिंडसे याने १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभी करण्याचा प्रयत्न केला, तर डेट्रॉइटने त्याची रवानगी शिकागोला केली. खुद्द हाउला आपण संघात सर्वाधिक पगार घेतो असे अनेक वर्षे वाटत होते. बाहेरून आलेल्या बॉब बॉन या बचावपटूने स्वत:चा पगार सांगितला, तेव्हा आपल्याला कमी मिळत असल्याचे त्याला समजले.

म्हणजे त्या काळी एका संघात राहणे हा बऱ्याचदा निर्णय नव्हता, नाइलाज होता. आज साधारण सात हंगाम किंवा वयाची २७ वर्षे पूर्ण झाल्यावर करार संपताच खेळाडू कुठेही जाऊ शकतो. त्यामुळे आजचा हजाराचा आकडा वेगळ्या नजरेने पाहावा लागतो.

पैशाचे गणित काय सांगते?

२००४-०५ चा पूर्ण हंगाम वादात रद्द झाल्यानंतर एनएचएलने संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आणली. २००५-०६ मध्ये ही मर्यादा ३.९ कोटी डॉलर होती, २०२५-२६ मध्ये ती ९.५५ कोटी डॉलर झाली. मर्यादा ठरलेली असल्याने एका खेळाडूला जास्त दिले की दुसऱ्यासाठी कमी उरते.

इथे क्रॉस्बीचे करार लक्ष वेधून घेतात. त्याचा जन्म ७ ऑगस्ट १९८७ चा, जर्सी ८७ क्रमांकाची आणि वर्षाची सरासरी रक्कम ८७ लाख डॉलर. २०१२ मध्ये केलेल्या बारा वर्षांच्या करारात हीच रक्कम होती, सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेल्या दोन वर्षांतही तीच. तुलनेसाठी, एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडला २०१८ पासून वर्षाला सव्वा कोटी डॉलर मिळत होते. माल्किन आणि लेटँग यांनी २०२२ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी सही केली तेव्हा दोघांची वार्षिक सरासरी ६१ लाख डॉलर ठरली. दोघांच्याही आधीच्या करारापेक्षा ही रक्कम कमी होती. एकत्र राहायचे तर तिघांनाही बाजारभाव बाजूला ठेवावा लागला.

मग संघाचा फायदा झाला की तोटा?

दोन्ही. या तिघांच्या काळात पेंग्विन्सने २००९, २०१६ आणि २०१७ असे तीन स्टॅनले कप जिंकले आणि सलग १६ हंगाम प्लेऑफ गाठली. सलग १८ हंगाम एकत्र खेळणारे असे दुसरे त्रिकूट अमेरिकेतील चार मोठ्या लीगमध्ये नव्हते.

पण माल्किन आणि लेटँग यांचे करार वाढवल्यानंतर २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ असे सलग तीन हंगाम संघ प्लेऑफच्या बाहेर राहिला. मार्च २०२४ मध्ये २९ वर्षांचा आघाडीवीर जेक गेंट्झेल दुसऱ्या संघाला द्यावा लागला. त्याचा करार संपत आला होता आणि संघ शर्यतीत मागे पडला होता. जुन्यांना धरून ठेवायचे की नव्यांसाठी जागा करायची, यावर पिट्सबर्गच्या चाहत्यांमध्ये तेव्हापासून दोन तट आहेत. तीन कप आठवणारा चाहता आणि गुणतक्ता पाहणारा चाहता, दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

गोलरक्षक आणि महिला खेळाडूंचे काय?

गोलरक्षकासाठी हा टप्पा आणखी लांब आहे. राखीव गोलरक्षक बाकावर बसून राहिला तर तो सामना त्याच्या खात्यात जमा होत नाही. एकाच संघाकडून हजार सामने खेळलेला गोलरक्षक एकच : न्यू जर्सी डेव्हिल्सचा मार्टिन ब्रोडर, १२५९ सामने. पिट्सबर्गचाच मार्क-आंद्रे फ्लेरी हजारापलीकडे गेला, पण २०१७ मध्ये नव्याने आलेल्या लास वेगास संघाने त्याला निवडल्यामुळे पेंग्विन्सकडून त्याचे सामने ६९१ च राहिले.

महिलांची व्यावसायिक लीग ‘पीडब्ल्यूएचएल’ जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. दुसऱ्या हंगामात प्रत्येक संघाला ३० सामने होते. या वेगाने हजार सामन्यांना ३३ हून अधिक हंगाम लागतील. त्यामुळे त्यांच्यासाठी मानाचा आकडा वेगळाच ठरवावा लागेल.

यापुढे हजारी गाठणे सोपे होईल का?

खेळाडू संघटना आणि एनएचएल यांच्यातील नव्या करारानुसार २०२६-२७ पासून साखळीत ८४ सामने असतील. म्हणजे हजार सामने बारा पूर्ण हंगामांत बसतील. मात्र त्याच करारात स्वत:च्या खेळाडूशी करता येणाऱ्या कराराची कमाल मुदत आठवरून सात वर्षांवर आली आहे. तरुणपणीचा पहिला तीन वर्षांचा करार आणि त्यानंतर कमाल मुदतीचा एक करार मिळूनही दहाच वर्षे होतात. बाराव्या-तेराव्या हंगामापर्यंत पोहोचायचे तर वयाच्या तिशीच्या आसपास संघाला आणि खेळाडूला पुन्हा एकदा समोरासमोर बसावेच लागेल. त्या बैठकीत दोघांनीही होकार दिला, तरच चांदीची स्टिक त्याच संघाच्या जर्सीत हातात पडेल.