आकाशगंगेचा नकाशा कुणी काढला?

आपल्या आकाशगंगेचा बाहेरून काढलेला फोटो अस्तित्वात नाही. ‘तुम्ही इथे आहात’ असा बाण मारून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ते देखणे चक्र चित्रकाराने काढलेले असते. माजघरातून न हलता अख्ख्या वाड्याचा नकाशा काढायचा, अशी आपली गत. हर्शेल, कॅप्टाइन, शॅपली या खगोलशास्त्रज्ञांनी तो कसा आरंभला हे वाचकांना ठाऊक आहेच. त्यांना नमस्कार करून पुढे जातो.

माझा कल रेडिओकडे आहे आणि तो मी लपवत नाही. धनू राशीच्या दिशेला असलेल्या आकाशगंगेच्या केंद्रातून दृश्य प्रकाशाचे लाख कोटी कण आपल्याकडे निघाले, तर वाटेतल्या धुळीतून सुटून एखादाच इथवर पोचतो. रेडिओ लहरींना त्या धुळीची पर्वा नाही. अटलांटिकपलीकडच्या टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते, हे शोधायला नेमलेल्या कार्ल जान्स्कीने १९३३ साली जाहीर केले की त्यातली एक खरखर थेट धनूच्या दिशेची आहे. पंडितांनी फारसे मनावर घेतले नाही. ग्रोट रेबर या हौशी माणसाने घराच्या परसात तबकडी उभारून पहिले रेडिओ नकाशे काढले.

१९५१ मध्ये हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची लहर पकडली गेली आणि खरी मजा सुरू झाली. वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय, त्यावर लहरीची लांबी किंचित बदलते. त्यावरून खगोलशास्त्रज्ञ ऊर्ट आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली सर्पिल भुजांचा नकाशा मांडला. केंद्राच्या आणि त्याच्या बरोबर उलट दिशेला त्यात पाचरीसारखी कोरी जागा सुटली होती, कारण तिथला वायू आडवा सरकतो आणि लहरीत फरक पडत नाही. ती कोरी जागा मला आजच्या गुळगुळीत चित्रांपेक्षा प्रामाणिक वाटते.

गाया यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद केली. थोर काम, पण त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मी खोडदकडे वळतो.

नारायणगावजवळच्या खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी उभ्या केलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या म्हणजे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. तबकडीखाली उभे राहून वर पाहावे, तर चक्क आकाश दिसते! पत्रा नाहीच, पोलादी दोरांवर ताणलेली, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी. वारा आरपार जातो, पण हातभर लांबीच्या लहरीला ती जाळी भिंतच वाटते. म्हणून बांधकाम हलके आणि स्वस्त झाले. केंद्रातले कृष्णविवर ‘सॅजिटेरियस ए-स्टार’ १ गिगाहर्ट्झच्या खाली पहिल्यांदा नक्की दिसले ते याच दुर्बिणीतून. सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी २००४ मध्ये ते प्रसिद्ध केले. २०२२ साली त्याच विवराच्या केशरी कड्याचे चित्र जगभर गाजले, तेव्हा आपल्याकडे किती जणांना खोडद आठवले?

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीने केंद्राचे विस्तृत चित्र दिले. प्रकाशवर्षांनी मोजावे लागणारे शेकडो चुंबकीय धागे, काही तर वीणेच्या तारांसारखे समांतर. पहिले धागे १९८४ मध्येच सापडले होते, पण ते इतके असतील असे कुणाला वाटले नव्हते. ते का तयार होतात यावर अजून एकमत नाही.

यावर आमचे काही छायाचित्रकार मित्र नाक मुरडतात: हे फोटो नव्हेत, रंगवलेले आलेख! बरे, मग जेम्स वेब दुर्बिणीची अवरक्त चित्रे काय जन्मतःच निळी-तांबडी असतात? तुमच्या वीस-वीस फ्रेम एकावर एक रचून उजळलेल्या आकाशगंगेला तरी कुणाच्या डोळ्याने तसे पाहिले आहे?

आता भंडारदऱ्याला तंबू ठोकून आकाशगंगेसोबत सेल्फी काढणाऱ्यांची जत्रा भरते. दिव्यांनी आकाश नासले, अशी ओरड तेही करतात. रेडिओचा गोंगाट मात्र दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. मोबाइलचे मनोरे, घरातली उपकरणे, डोक्यावरून जाणारे उपग्रह यांच्या कल्लोळातून आकाशगंगेची क्षीण लहर गाळून घ्यावी लागते. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी निघाली, तेव्हा खोडदच्या दुर्बिणीमुळे मार्ग अडतो म्हणून गहजब झाला. दुर्बीणच हलवा, असे सांगणारे शहाणेही मला भेटले. २५ किलोमीटरवर पसरलेल्या त्या तबकड्या हलवायच्या कुठे, एवढेच त्यांनी सांगितले नाही.