कमी खर्चात कॅण्टनचा व्यापारी दौरा

चीनमधील ग्वांगझू, म्हणजेच जुने कॅण्टन, येथे १९५७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रदर्शन भरत आले आहे. वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात भरणारे हे प्रदर्शन एकदा पाहावे, एखादे यंत्र किंवा नवा माल आणावा, असे आपल्या अनेक कारागीर व व्यापारी बांधवांना वाटते. परंतु खर्चाचा आकडा ऐकून काही जण बेत सोडतात, तर काही जण एजंटाच्या ‘पॅकेज’वर साठवलेली रक्कम घालवून नुसती पत्रके घेऊन परततात. आमच्या मते तिकिटाआधी हिशेब केल्यास लहान भांडवलाच्या माणसालाही हा दौरा झेपू शकतो.

आपला टप्पा कोणता?

प्रदर्शन तीन टप्प्यांत असते. अलीकडच्या वर्षांत वसंतातील तारखा १५ ते १९ एप्रिल, २३ ते २७ एप्रिल आणि १ ते ५ मे, तर शरदातील १५ ते १९ ऑक्टोबर, २३ ते २७ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर अशा राहिल्या आहेत. पहिल्या टप्प्यात यंत्रे, हत्यारे, विजेची व इलेक्ट्रॉनिक उपकरणे. दुसऱ्यात भांडी, घरगुती वस्तू, फर्निचर व भेटवस्तू. तिसऱ्यात कापड, तयार कपडे, पादत्राणे, बॅगा व खेळणी असतात. शिवणयंत्र हवे असलेल्याने तिसऱ्या टप्प्याला जाणे म्हणजे भाडे फुकट घालवणे होय. आपला टप्पा निवडून तीन दिवस नीट पाहिले तरी पुष्कळ होते.

कोठे पैसे वाचतात?

परदेशी खरेदीदाराने प्रदर्शनाच्या अधिकृत संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी केल्यास प्रवेशपत्राला पैसे पडत नाहीत. व्यापारी व्हिसासाठी लागणारे निमंत्रणपत्रही तेथूनच मिळते. यासाठी मध्यस्थाला रक्कम मोजण्याचे कारण नाही.

मुंबईहून हाँगकाँग, बँकॉक, क्वालालंपूर अशा अनेक मार्गांनी जाता येते. सर्व भाडी ताडून पाहावीत. हाँगकाँगला उतरून तेथून सुमारे तासाभराच्या वेगवान रेल्वेनेही ग्वांगझू गाठता येते. मात्र त्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाने हाँगकाँगची आगाऊ ऑनलाइन नोंदणी केलेली असावी.

प्रदर्शनाच्या दिवसांत जवळच्या हॉटेलांचे दर भरमसाट वाढतात. शहरातील मेट्रो स्वस्त आहे. विमानतळ मार्ग क्रमांक ३ वर व प्रदर्शन मार्ग क्रमांक ८ वर आहे. त्यामुळे मेट्रो स्थानकालगतची दूरची खोली दोघा-तिघांत घेतल्यास मोठी बचत होते.

जेवणाची चिंता नको. ‘चिंगझेन’ म्हणजे हलाल. ही चिनी अक्षरे मोबाईलमध्ये साठवून ठेवावीत व पाटीशी ताडून पाहावीत. लानझोउ पद्धतीच्या शेवयांची मुस्लिम उपाहारगृहे शहरात बरीच आहेत. शिआओबेई भागात अरब व आफ्रिकी व्यापाऱ्यांचा वावर असल्याने तेथेही सोय होते. नमाजासाठी शहरात उंच मिनाराची प्राचीन हुआईशेंग मशीद आहे.

आपले यूपीआय तेथे भरवशाचे नाही. अलीपे ॲपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड येथूनच जोडून घ्यावे. तेथील साध्या इंटरनेटवर व्हॉट्सॲप व गूगल चालत नाहीत. त्याचीही तजवीज आधी करावी.

खरा हिशेब मालाचा

समजा, दौऱ्याला एक लाख रुपये लागले. पाचशे नग आणले तर प्रत्येक नगावर दौऱ्याचेच दोनशे रुपये चढतात. पाच हजार आणले तर वीस. यात मालाची किंमत, जहाजभाडे, सीमाशुल्क, जीएसटी व बंदरापासून गोदामापर्यंतचा खर्च मिळवावा. एवढे करून येणारी किंमत येथील घाऊक आयातदाराच्या दरापेक्षा कमी पडत नसेल, तर घरी राहणे हीच मोठी बचत आहे. चिनी कारखानदार किमान किती नग देतो, हे ईमेलने आधीच विचारावे.

आयातीसाठी आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे आयईसी, लागतो. तो ऑनलाइन ५०० रुपये शुल्कात मिळतो व दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान त्याची माहिती अद्ययावत करावी लागते. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. कारखान्याकडे भारतीय मानक ब्युरोचा परवाना नसेल तर माल बंदरातच अडकतो. इतरही अनेक वस्तूंना अशी सक्ती असल्याने आपल्या वस्तूची चौकशी आधी करावी. नामांकित छापाचा नकली माल स्वस्त दिसला तरी हात लावू नये. तो सीमाशुल्क खाते जप्त करू शकते.

सौदा ठरल्यास साधारणपणे ३० टक्के आगाऊ व बाकी रक्कम माल रवाना होताना, अशी तेथील रीत आहे. पैसे बँकेमार्फत कंपनीच्याच खात्यावर पाठवावेत. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर कदापि नव्हे. नमुना पसंत करून त्याचा एक नग आपल्याजवळ ठेवावा, म्हणजे पुढे वाद झाल्यास पुरावा राहतो.

एकाच धंद्यातील तिघांनी मिळून जावे, असे आम्ही सुचवतो. खोली वाटली जाते, मागणी एकत्र केल्याने किमान नगांची अट पुरी होते आणि कंटेनरचे भाडेही विभागले जाते. मात्र कोणाची किती रक्कम, कोणाचा किती माल व नुकसान झाल्यास वाटणी कशी, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून सह्या कराव्यात.