मासे विषाने नव्हे, गुदमरून मरतात

छत्रपती संभाजीनगरच्या सलीम अली सरोवरात मेलेले मासे तरंगले की पहिला प्रश्न ठरलेला: विष कुणी टाकलं? पैठण-गंगापूरकडच्या शेततळ्यांवरही तेच. संशय थेट शेजारच्या बांधावर जातो, भांडण पेटतं आणि उरलेले मासे वाचवायची वेळ निघून जाते.

गैरसमज : एका रात्रीत मासे मेले, म्हणजे विषच.

वस्तुस्थिती : बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं. उरलेलं खाद्य, शेण, सांडपाणी कुजवणारे जिवाणूही तोच ओढतात. त्यामुळे पहाटे साठा सर्वांत कमी. आदला दिवस ढगाळ असेल तर आणखी कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यपालनाच्या पाण्यात लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा. 20 अंशांच्या पाण्यात तो सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात उन्हाळ्यात मोसंबीला पाणी देता देता शेततळं निम्म्यावर येतं, मासे मात्र तेवढेच राहतात.

पहाटे रोहू-कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, मोठे मासे आधी मेले असतील आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरले, तर ते गुदमरले होते. विषाला पहाटेची वाट पाहावी लागत नाही. त्यात लहान मासे आणि पाणकिडेही सहसा सुटत नाहीत. आणि कृपा करून भरदुपारी पाणी तपासून 'पाणी चांगलं आहे' असा निर्वाळा देऊ नका! नमुना सूर्योदयापूर्वीच तपासा.

अशा वेळी खाद्य आणि शेणखत ताबडतोब बंद करा. एअरेटर मध्यरात्रीपासून ऊन पडेपर्यंत चालवा. तो नसेल तर मोटरने वरच्या थरातलं पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत पाडा. तळाचा गाळ ढवळू नका. विहिरीचं पाणी सोडायचं तर तेही उंचावरून पाडा, कारण त्यात प्राणवायू कमी असू शकतो.

आणखी काही समज :

'हिरवंगार पाणी म्हणजे भरपूर खाद्य.' हात कोपरापर्यंत बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ जास्त झालं आहे.

'चुना टाकला की झालं.' आधी सामू (pH) मोजा, कारण चुन्याने तो वाढतो. सामू 7 असताना अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो. 9 झाला की तो एक तृतीयांशाच्या घरात जातो.

'पहिला पाऊस आला, आता चिंता नाही.' तोच काठावरची घाण आत आणतो आणि तळाचं प्राणवायूहीन पाणी वर मिसळतो.

'मेलेले मासे आपोआप कुजतील.' कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातील. लगेच काढून चुना टाकून पुरा.

विषाचा संशय खराच असेल तर पाणी आणि ताजे मेलेले मासे तपासणीला जरूर द्या. पण ज्या तळ्यात नाल्याचं सांडपाणी रोज उतरतं, तिथे रात्रीचा गुन्हेगार शोधण्यात अर्थ नाही. तो नाला बंद करा, मगच मासे जगतील.