मेंदूच्या दुखापतीनंतर : फसवणूक टाळण्यासाठी

अपघातात मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली, तर धोका ओळखणे, मोह आवरणे, नुकतेच घडलेले लक्षात ठेवणे अवघड होऊ शकते. भामटे नेमकी घाई करायला लावतात. म्हणून नियम आधीच ठरवून ठेवा.

● अनोळखी माणसाने पैशाचा विषय काढला की फोन ठेवा. विश्वासातल्या एका माणसाशी बोलल्याशिवाय व्यवहार करू नका.

● फोनजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवा : ‘घरी विचारून सांगतो.’

● पैसे स्वीकारायला यूपीआय पिन लागत नाही. त्यासाठी कोणी पिन टाकायला सांगितला, तर ती फसवणूकच.

● ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून अटक, असा प्रकार भारतीय कायद्यात नाही.

● बँकेच्या अ‍ॅपमध्ये रोजच्या व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्या.

● फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहारांचे नुकसान बँक सोसते.

घरच्यांनी रागावू नये. धाकापोटी माणूस घडलेले लपवतो, आणि उशीर झाला की पैसे परत मिळणे कठीण होते.