ब्लूबॉनेटचं रब्बी पीक

मार्च लागला की ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत दोन चौकश्या एकदमच सुरू होतात. पाडव्याला कडुनिंबाचा पाला कुठल्या दुकानात मिळेल, आणि यंदा ब्लूबॉनेट कुठे फुललंय? नऊवारीला इस्त्री झालेली असते, पोराच्या झब्ब्याचं एक बटण तुटलेलं असतं, आजी-आजोबा नुकतेच पुण्याहून आलेले असतात. निळ्या फुलांत बसवून सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा, हा टेक्सासचा जुना रिवाज आपल्या लोकांनी आनंदाने उचलला आहे. रिवाजाबरोबर त्याच्याभोवतीच्या ऐकीव गोष्टीही उचलल्या, आणि दोन-चार आपण घरून आणल्या.

‘चांगला पाऊस झाला की आठवड्याभरात जायचं’

ही समजूत खास आपली. ती कासच्या पठारावरून आली आहे. तिथे जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर, त्यावर पावसाळाभर पाणी, आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत रंगांची उधळण. पाऊस आणि फुलं अशी पाठोपाठ बघायची आपल्या डोळ्यांना सवय. म्हणून इथेही मार्चमध्ये दोन सरी आल्या की मंडळी बॅगा भरतात, आणि नुसतं गवत बघून परत येतात.

ब्लूबॉनेटचं गणित खरिपाचं नाही, रब्बीचं आहे. बी रुजतं सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पावसात. थंडीभर रोप जमिनीला चिकटून बसतं, वर फारसं काही दिसत नाही, खाली मुळं मात्र पसरत असतात. मार्चच्या उत्तरार्धात तुरे वर येतात, एप्रिलमध्ये भर येतो, मग शेंगा धरतात आणि रोप वाळून जातं. गावी शेती असलेल्या कुठल्याही आजोबांना एवढं सांगितलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. हरभऱ्याचं वेळापत्रक साधारण हेच. नात्यानेही दोघं एकाच कुळातले, शेंगावर्गीय.

त्यामुळे यंदा फुलं कशी येणार, याचं उत्तर बरंचसं गेल्या शरद ऋतूत ठरून गेलेलं असतं. ऑक्टोबर कोरडा गेला असेल तर मार्चचा पाऊस उभ्या रोपांना बरा, पण जे बी रुजलंच नाही त्याची भरपाई तो करू शकत नाही. एक वाईट वर्ष आलं म्हणजे ती जागा संपली, असंही नाही. या बियांचं कवच फार टणक असतं. सगळं बी एकाच वर्षी रुजत नाही, काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढे. दुष्काळी मुलखातल्या झाडाने शिल्लक टाकून ठेवलेली असते म्हणा.

तारखेचंही तसंच. ‘पाडव्याला फुलं असतातच’ हे मी स्वतः बरीच वर्षं सांगत होतो. पण पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला. फुलांना अधिक मास ठाऊक नाही. त्यांचा बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो: सॅन अँटोनियोकडे आधी, ऑस्टिनच्या पश्चिमेच्या टेकड्यांत मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला पंधरवडा, आणि डॅलसच्या दक्षिणेला एनिसमध्ये साधारण एप्रिलचा तिसरा आठवडा. फोटो पाडव्याचाच हवा असेल तर एखाद्या वर्षी गुढीपुढे काढून मोकळं व्हावं.

जाता जाता या फुलाच्या शास्त्रीय नावाची गंमत. लुपिनस हे नाव लॅटिनमधल्या लांडग्यावरून आलं. ही झाडं जमिनीचा कस लांडग्यासारखी फस्त करतात, असं पूर्वी मानत. वस्तुस्थिती नेमकी उलटी: मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात आणि जमीन सुधारते. कस नसलेल्या जमिनीवर ही झाडं दिसत, म्हणून आळ त्यांच्यावर आला.

‘ब्लूबॉनेट तोडलं तर दंड होतो’

टेक्सासमध्ये वाढलेली माणसंही हे शपथेवर सांगतात. शाळेत ऐकलेलं असतं, आईने दटावलेलं असतं. पण ब्लूबॉनेट तोडू नये असा वेगळा कायदा टेक्सासमध्ये नाही. तिथल्या पोलीस खात्याने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, तरी समजूत काही जात नाही. मला विचाराल तर तिने फुलांचं भलंच केलं आहे.

पण कायदा नाही म्हणजे मोकळं रान, हा त्याहून मोठा गैरसमज. राज्य उद्यानांत कुठलंही झाड-फूल तोडायला किंवा मोडायला मनाई आहे, मग ते ब्लूबॉनेट असो की काटेरी झुडूप. रस्त्याकडेच्या सरकारी पट्ट्यात गाडी घालून फुलं चिरडली तर ते सरकारी मालमत्तेचं नुकसान. आणि खासगी कुंपण ओलांडलंत, तर फूल तोडलं की नाही हा प्रश्नच येत नाही. आत शिरणं हाच गुन्हा.

इथे आपल्या लोकांची खरी फसगत होते. आपल्याकडे गावाबाहेरचं माळरान, गायरान, नदीकाठ यांवर पाऊल टाकताना कुणाला विचारायची सवय नाही. टेक्सासमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. मैलोन्‌मैल घर दिसत नाही, माणूस दिसत नाही, म्हणून ती कुणाचीच नाही असं नसतं. शिवाय ‘आत येऊ नये’ अशी पाटी असलीच पाहिजे असंही नाही. झाडाच्या बुंध्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा ओढलेला असला, तर टेक्सासच्या कायद्याने तीच पाटी. एकदा आम्ही एका माळाच्या कडेला गाडी थांबवली आणि ते पट्टे बघून कुणीतरी म्हणालं, “बघा, फुलांशी रंग कसा जुळवलाय!” मालक आमच्याआधी तिथे उभा होता, म्हणून बरं झालं.

फ्रेडरिक्सबर्गजवळचा विलो सिटी लूप हा सुमारे २१ किलोमीटरचा अरुंद रस्ता फुलांसाठी फार नावाजलेला. त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन खासगी आहे, मध्येच गुरं रस्त्यावर येतात. तिथे गाडीतून बघत हळूहळू जायचं असतं. नऊवारी नेसून उतरायची ती जागा नव्हे.

‘ही सगळी फुलं लेडी बर्ड जॉन्सन यांनी लावली’

अर्धसत्य. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या या पत्नीने रानफुलांसाठी केलं ते थोडं नाही. १९६५चा महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा त्यांच्या आग्रहातून आला. १९८२ साली अभिनेत्री हेलन हेज यांच्यासह त्यांनी ऑस्टिनमध्ये रानफुलांचं संशोधन केंद्र काढलं; आज ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पण ब्लूबॉनेट मूळचंच टेक्सासचं, आणि रस्त्यांच्या कडेला रानफुलं पेरायला तिथल्या महामार्ग खात्याने १९३०च्या दशकातच सुरुवात केली होती.

याची दुसरी बाजू म्हणजे ‘ती आपोआपच उगवतात’ ही समजूत. तीही पुरती खरी नाही. परिवहन खातं दर वर्षी सुमारे ३०,००० पौंड, म्हणजे साडेतेरा हजार किलोच्या आसपास रानफुलांचं बी पेरतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेंगा पिकून बी पडेपर्यंत तिथलं गवत कापत नाही. रस्त्याकडेचं गवत वाढलेलं बघून ‘खातं झोपलंय’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘राज्यफूल म्हणजे हेच एक फूल’

१९०१ साली राज्यफूल निवडताना ब्लूबॉनेटसमोर कापसाचं बोंड आणि फड्या निवडुंग असे दोन उमेदवार होते. निवडुंगाची बाजू लावून धरणारे जॉन गार्नर पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, पण ‘कॅक्टस जॅक’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. जिंकलं ब्लूबॉनेट. तेही वाळूत वाढणारी एक नाजूक जात. आज फोटोंत दिसते ती ठसठशीत जात वेगळीच. सत्तर वर्षं वाद चालला. शेवटी १९७१मध्ये विधिमंडळाने राज्यात सापडणाऱ्या सगळ्याच जातींना राज्यफूल ठरवून टाकलं.

‘त्या फुलांत रॅटलस्नेक असतातच’

फुलांचं सापांना आकर्षण नसतं. वसंतात साप बाहेर पडतात आणि दाट गवतात असू शकतात, म्हणून पाय टाकण्याआधी बघावं, इतकंच. प्रत्यक्षात मुलं रडत परततात ती फायर अँट नावाच्या मुंग्यांमुळे. त्यांची वारुळं फुलांच्या बुडाशी झाकली जातात. दुसरं म्हणजे या झाडाच्या शेंगा मटारासारख्या दिसतात, पण बिया विषारी असतात. लहान पोरांना हे आधीच सांगून ठेवावं.

‘मधोमध बसल्याशिवाय फोटो येत नाही’

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. फुलांच्या दाट गालिच्यात मूल बसलंय असा जो फोटो आपण बघतो, तो बहुतेक वेळा कडेवरूनच काढलेला असतो. मूल बसतं पायवाटेवर किंवा मधल्या मोकळ्या जागेत. काढणारा जमिनीलगत वाकतो, लांबच्या लेन्सने किंवा मोबाइलवर दुप्पट-तिप्पट झूम करून काढतो. मग पुढची चार रोपं आणि मागची चाळीस एकमेकांत मिसळून सलग दिसतात. उभं राहून, वरून काढलेल्या फोटोत मात्र प्रत्यक्ष फुलांत बसूनही मधली माती दिसते. वेळ सकाळची किंवा उन्हं कलल्यानंतरची. दुपारी निळा रंग फिका पडतो आणि आजोबा डोळे मिटतात.

कडेला बसा, असं का म्हणायचं? रोप एकाच वर्षाचं असतं. फुलोऱ्यात असताना ते मोडलं, तर शेंग धरत नाही, बी पडत नाही. एका कुटुंबाने दहा मिनिटं बसून काय होतं, हे खरंच. पण त्या दबलेल्या जागी पुढचं कुटुंब बसतं, मग त्याच्या शेजारी आणखी एक. आपल्यातला कुणीही फुलोऱ्यातल्या हरभऱ्यात सतरंजी टाकणार नाही.

मुलांना थांबवून ठेवायला एक खेळ आहे. फुलाच्या वरच्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो. फूल जुनं झालं की तो किरमिजी होतो. मधमाश्या बहुतेक पांढऱ्या ठिपक्याच्या फुलांवर उतरतात. कुठलं फूल ताजं, ते मोजायला लावा.

जायचं कुठे? एनिसला ४० मैलांहून लांब फुलवाटा आखलेल्या आहेत आणि दर एप्रिलला त्यांचा नकाशा मिळतो. ऑस्टिनकरांना लेक ट्रॅव्हिसकाठचं म्यूलशू बेंड आणि शहरातलं लेडी बर्ड जॉन्सन केंद्र आहे, दोन्हीकडे प्रवेशशुल्क. ह्यूस्टनहून येणाऱ्यांना ब्रेनमच्या आसपासचा भाग सोयीचा. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. महामार्गावर भरधाव गाड्यांच्या शेजारी मुलांना उतरवू नका. तिथलं फूल पुढच्या उद्यानातही असतं.

आणि घरामागे उन्हाचा, पाणी न साचणारा एखादा वाफा असेल तर बी तिथेच टाका. मात्र ऑक्टोबरमध्ये. मार्चमध्ये दुकानात ब्लूबॉनेटची पाकिटं झळकू लागतात, तेव्हा पेरणीची वेळ पाच महिने मागे पडलेली असते.