गंजालाही कारण लागतं

नवाकोरा मालडबा विकत आणायचा आणि मुद्दाम मळवायचा, हा अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांचा आवडता उद्योग. ते याला ‘वेदरिंग’ म्हणतात. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला राहणाऱ्या जॉन ॲलन यांनी आपल्या घरातल्या छोट्या रेल्वेत कळकट डबे फिरवले आणि हा नाद रुजवला. 1973 साली ते गेले. पाठोपाठ ती रेल्वेही आगीत गेली.

एचओ म्हणजे 1:87 मापात चाळीस फुटी बॉक्सकार (बंद मालडबा) जेमतेम साडेपाच इंचांची भरते. तेवढ्यात वीस-पंचवीस पावसाळे दाखवायचे. आधी पातळ राखाडी फवारा मारून रंग विटवतात. मग मॅट वार्निश, कारण चकचकीत प्लॅस्टिकवर मळ दाखवणारी खडूची पूड ठरत नाही. या वार्निशवर अल्कोहोल लागलं की पांढुरका थर चढतो. नवशिका घाबरतो, मुरलेला गडी उन्हाने विटलेला रंग दाखवायला तोच वापरतो. गंजासाठी बर्न्ट अंबर तैलरंगाचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्यायचा आणि व्हाइट स्पिरिटने किंचित ओला केलेला सपाट ब्रश वरून खाली ओढायचा. हात आडवा गेला की सोंग उघडं पडतं.

खरी मजा डाग कुठे का पडतो, हे ओळखण्यात आहे. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर चाकांच्या रेषेत दोन उभे पट्टे उमटतात, ते ओल्या रुळांवरून उडालेल्या चिखलाचे. जस्ताचा मुलामा दिलेलं छप्पर रंग धरत नाही, पापुद्रे सुटून पत्रा उघडा पडतो. जुन्या साध्या बेअरिंगचं तेल गळायचं, म्हणून ती चाकं काळी, चिकट. रोलर बेअरिंगची तपकिरी. सिमेंट वाहणाऱ्या हॉपर डब्याला झाकणांपासून पांढरे ओघळ. ग्राफिटीवाले तर बऱ्याचदा डब्याचा क्रमांक सोडून रंगवतात, नाहीतर तो पुन्हा लिहिताना कंपनी त्यांच्या चित्रावर रंग फासणार!

सगळ्या डब्यांवर सरसकट तपकिरी फवारा मारणं मला तरी आळस वाटतो. डब्याचं वयही पाहायला हवं. पुलमन-स्टँडर्ड कंपनीची पीएस-1 बॉक्सकार 1947 साली आली. 1950ची गाडी मांडताना तीच गंजाने पोखरली, तर हिशेबच चुकला.

हात शिवशिवत असतील तर आधी खऱ्या डब्याचा फोटो समोर ठेवा. आणि पहिला प्रयोग स्वस्तातल्या डब्यावरच करा.